शॉर्ट स्टॅक झाला की वाट पाहू नका: दहा-बारा बिग ब्लाइंडमध्ये निर्णय कसे घ्यायचे

पोकरच्या एका स्पर्धेत मी बटणावर, म्हणजे डीलरच्या जागेवर होतो, समोर ११ बिग ब्लाइंड (सक्तीच्या मोठ्या बोलीच्या ११ पट) एवढ्याच चिप्स, म्हणजे शॉर्ट स्टॅक. माझ्यापर्यंत सगळ्यांनी पत्ते टाकले होते आणि हातात एक्का-अठ्ठी आली होती, वेगवेगळ्या रंगांची. दोनदा पत्ते उचलून पाहिले, ‘याहून बरं काहीतरी येईल’ असं मनाशी म्हटलं आणि फोल्ड केलं. पुढच्या फेरीत एकाच रंगाची राजा-दश्शी टाकली, कारण मागे चार जण बाकी होते. मग ब्लाइंड वाढले. आणखी एक फेरी गेली. शेवटी एक्का-गुलाम आला तेव्हा माझ्याकडे जेमतेम ३ बीबी (बिग ब्लाइंड) उरले होते. ऑल-इन गेलो. बिग ब्लाइंडवाल्याने पत्ते न बघताच चिप्स टाकल्या. उलटले तर नश्शी-चौकी. टर्नवर नश्शी आली आणि माझी स्पर्धा संपली.

कितीतरी दिवस मी त्या नश्शीला शिव्या घालत होतो. पुढे हिशोब शिकलो तेव्हा कळलं की त्याचा कॉल अगदी बरोबर होता. स्पर्धा मी तीन बीबीवर हरलोच नव्हतो, अकरा बीबीवर एक्का-अठ्ठी टाकली तिथेच हरायला सुरुवात झाली होती. हा लेख त्याच हिशोबाचा आहे. नो-लिमिट होल्डेम स्पर्धांचे मूळ नियम तुम्हाला माहीत आहेत असं धरून चालतो.

पहिली पायरी: चिप्स नाही, बीबी मोजा

‘माझ्याकडे वीस हजार आहेत’ या वाक्यातून काहीच कळत नाही. ब्लाइंड १,०००-२,००० असतील तर ते १० बीबी, आणि पातळी बदलून १,५००-३,००० झाली की तेच वीस हजार पावणेसात बीबीही भरत नाहीत. तुम्ही एकही डाव खेळला नाहीत, तरी तिसरा हिस्सा गेला. म्हणून टेबलावरच्या घड्याळाकडे शॉर्ट स्टॅकचं लक्ष सतत हवं. पातळी बदलायला दोन मिनिटं असतील तर आपल्याकडे खरे किती बीबी आहेत हे पुढच्या पातळीच्या हिशोबाने धरा.

दुसरी मोजणी फेरीच्या खर्चाची. हल्ली बहुतेक स्पर्धांत अँटे (दर डावाला भरायची सक्तीची रक्कम) बिग ब्लाइंडवालाच सगळ्यांच्या वतीने भरतो आणि तो एका बिग ब्लाइंडएवढा असतो. म्हणजे एका फेरीचा खर्च स्मॉल ब्लाइंडचा अर्धा, बिग ब्लाइंडचा एक आणि अँटेचा एक, एकूण अडीच बीबी. स्टॅक भागिले हा खर्च, याला खेळाडू ‘एम’ म्हणतात. बॅकगॅमनचे नामवंत खेळाडू पॉल मॅग्रिएल यांच्या आडनावावरून ते अक्षर आलं. १० बीबी म्हणजे एम ४. काहीही न करता बसलात तर चार फेऱ्यांत सगळं संपतं, आणि टेबलावर सहाच जण असतील तर त्या चार फेऱ्या चोवीस डावांत उरकतात.

तिसरी गोष्ट बरेच जण विसरतात. महत्त्व तुमच्या स्टॅकला नसून तुमच्या आणि समोरच्याच्या स्टॅकमधल्या लहान आकड्याला असतं. तुमच्याकडे २५ बीबी आहेत आणि मागे उरलेल्या दोघांकडे सात-सात, तर त्या डावात तुम्हीही सात बीबीचेच खेळाडू आहात. उलट तुमच्या मागे एकच मोठा स्टॅक असेल तर आख्खी स्पर्धा त्याच्यासमोर पणाला लागते. पत्ते बघायच्या आधी डावीकडे नजर टाकून हे आकडे मनात घ्यायची सवय लावा.

दुसरी पायरी: फोल्ड करून घेण्याची ताकद किती उरली आहे?

ऑल-इन दोन प्रकारे जिंकता येतं. एक, सगळे पत्ते टाकतात आणि ब्लाइंड-अँटे तुमच्याकडे येतात. दोन, कोणीतरी कॉल करतो आणि तुमचे पत्ते टिकतात. पहिल्या शक्यतेला फोल्ड इक्विटी म्हणतात. शॉर्ट स्टॅककडे खरी मालमत्ता हीच, आणि दर फेरीला ती झिजत जाते. कशी ते आकड्यांत पाहू.

तुम्ही बटणावरून ऑल-इन गेलात, स्मॉल ब्लाइंडने पत्ते टाकले, आता बिग ब्लाइंडला ठरवायचं आहे. पॉटमध्ये ब्लाइंड-अँटेचे अडीच बीबी आधीच आहेत.

तुमचे १५ बीबी असतील तर त्याला १४ टाकून साडेसतरा जिंकायचे आहेत; कॉल परवडायला त्याला ४४ टक्के वेळा जिंकावं लागेल.
१० बीबी असतील तर ९ टाकून साडेबारा. सुमारे ४२ टक्के.
६ बीबी असतील तर ५ टाकून साडेआठ, ३७ टक्के.
३ बीबी असतील तर २ टाकून साडेपाच. २७ टक्क्यांहून कमी.

शेवटचा आकडा नीट पाहा. नश्शी-चौकीसारखे पत्ते एक्का-गुलामाविरुद्धही साधारण तीनात एकदा जिंकतात. म्हणजे तीन बीबीच्या ऑल-इनला बिग ब्लाइंडने जवळपास काहीही घेऊन कॉल करणं योग्यच ठरतं. तेव्हा तुमच्या हातात फक्त पत्ते उरतात, दडपण उरत नाही. आणि दुप्पट झालात तरी होता सहा-आठ बीबी, म्हणजे ज्या खड्ड्यातून निघायचं होतं त्याच्याच काठावर.

१९८२ साली जॅक स्ट्रॉस यांनी वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची मुख्य स्पर्धा एकाच चिपवर येऊनही जिंकली. ‘एक चिप आणि एक खुर्ची उरली की पुरे’ हे पोकरमधलं वाक्य त्या घटनेशीच जोडलं जातं. सगळं गेल्यावर हिंमत धरायला ते वाक्य ठीक आहे. पण दहा बीबी हातात असताना कुणी ते आठवून निवांत बसत असेल, तर त्याचं नुकसान होतंय असं मला मनापासून वाटतं.

तिसरी पायरी: पुशचा हिशोब एकदा हाताने करा

पुश म्हणजे सगळ्या चिप्स ढकलून ऑल-इन जाणं. हा हिशोब टेबलावर करायचा नसतो, घरी करायचा असतो. पण एकदा स्वतः मांडल्याशिवाय तो अंगात मुरत नाही.

बटणावर १० बीबी. सगळं पुढे ढकललं आणि कोणी कॉल केला नाही तर अडीच बीबी मिळतात, म्हणजे स्टॅक एका झटक्यात पंचवीस टक्क्यांनी वाढतो. बिग ब्लाइंडने कॉल केला तर एकूण पॉट होतो साडेएकवीस: तुमचे दहा, त्याचे दहा, स्मॉल ब्लाइंडचा अर्धा आणि अँटेचा एक. समजा तुमचे पत्ते मध्यम आहेत आणि कॉल करणाऱ्याच्या चांगल्या पत्त्यांविरुद्ध ३५ टक्केच वेळा जिंकतात. साडेएकवीसचे ३५ टक्के म्हणजे साधारण साडेसात. दहा घातले, साडेसात परत आले, तोटा अडीच.

म्हणजे फोल्ड झाला तर अडीच फायदा, कॉल झाला तर सरासरी अडीच तोटा. दोघांनीही पत्ते टाकण्याची वेळ निम्म्याहून जास्त आली की पुश फायद्याचा. आणि दहा बीबीच्या ऑल-इनसमोर दोन अनोळखी पत्त्यांचे मालक निम्म्याहून बऱ्याच जास्त वेळा पत्ते टाकतात.

पत्त्यांत काहीही ताकद नसती, म्हणजे कॉल झाला की दर वेळी हरणारच असतो, तर मात्र ८० टक्के फोल्ड लागले असते. ८० आणि ५० मधला हा जो फरक आहे तो ‘मध्यम’ पत्त्यांनी भरून काढला. म्हणून अगदी भिकार पत्ते आणि जरा बरे पत्ते यांत इथे जमीन-अस्मानाचं अंतर असतं, पण जरा बरे पत्ते हातात असताना खूप छान पत्त्यांची वाट पाहत बसण्यात काही हशील नसतं. जोडीच येऊ दे म्हणाल तर ती सरासरी सतरा डावांत एकदा येते, आणि एक्क्यांची जोडी २२१ डावांत एकदा. दहा बीबीत तेवढे डाव तुमच्याकडे नाहीत.

स्टॅकनुसार काय करायचं

वीस ते पंचवीस बीबी: अजून श्वास घ्यायला जागा आहे. दोन-सव्वादोन बीबीची छोटी रेज करा, कोणी उलट ऑल-इन गेला तर कमकुवत पत्ते सोडा. इथे लिंप करून, म्हणजे रेज न करता नुसता ब्लाइंडएवढा भरून, फ्लॉप बघायचा मोह होतो. बहुतेक वेळा ती चिप्सची गळती ठरते.

तेरा ते वीस: हा पट्टा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण दुसऱ्याच्या रेजवर ऑल-इन जाण्याची ताकद इथे सर्वाधिक असते. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

आठ ते बारा: पुश किंवा फोल्ड. काही कसलेले खेळाडू इथेही छोटी रेज करतात किंवा स्मॉल ब्लाइंडमधून लिंप करतात, आणि संगणकी विश्लेषणातही ते दिसतं. पण त्यासाठी पुढचा प्रत्येक निर्णय अचूक घ्यावा लागतो. दहा बीबीतून दोन घालून मग फोल्ड करणं म्हणजे पाचवा हिस्सा फुकट देणं. पुश-फोल्ड पक्कं होईपर्यंत त्या वाटेला जाऊ नका असं मी सांगेन.

पाच-सहाच्या खाली: आता मुख्य प्रश्न ब्लाइंड तुमच्यापर्यंत कधी येतो हा. तुम्ही ४ बीबी घेऊन बिग ब्लाइंडच्या लगेच डावीकडे, सगळ्यात आधी बोलण्याच्या जागेवर आहात. पुढच्या डावात ब्लाइंड आणि अँटे मिळून २ बीबी जाणार, म्हणजे अर्धा स्टॅक. एरवी तिथून टाकले असते असे एक्का-सत्ती, राजा-गुलाम, कुठलीही जोडी आता पुढे जायला पुरेशी आहे.

चौथी पायरी: जागा आणि पत्ते

मागे किती जण बाकी आहेत, यावर सगळं ठरतं. आठ जण बाकी असताना कुणाच्या तरी हातात तगडे पत्ते असण्याची शक्यता मोठी, दोघेच असताना लहान.

दहा बीबी, अँटे चालू, नऊ जणांचं टेबल धरून अंदाज देतो. पहिल्या जागेवरून साधारण पंजीपासून वरच्या जोड्या, एक्का-गुलाम आणि त्यावरचे, एकाच रंगाचे एक्का-नश्शीपासून वरचे, एकाच रंगाचे राजा-राणी, राजा-गुलाम. मधल्या जागांवरून सगळ्या जोड्या, एक्का-नश्शीच्या वरचे, एकाच रंगातला जवळपास प्रत्येक एक्का, चित्रांच्या बहुतेक जोडगोळ्या. बटणावरून कुठलीही जोडी, कुठलाही एक्का, एकाच रंगातला कुठलाही राजा, वेगळ्या रंगातला राजा-नश्शीपासून पुढे, शिवाय एकाच रंगातली दश्शी-नश्शी, नश्शी-अठ्ठीसारखी सलग पानं. स्मॉल ब्लाइंडमध्ये असाल आणि सगळ्यांनी टाकलं असेल तर याहूनही बरंच सैल. दोघेच उरलेत, अँटे नाही आणि १० बीबी आहेत अशा स्थितीचे नॅश समतोलावर (दोघांपैकी कुणालाही एकट्याने चाल बदलून फायदा होत नाही अशा खेळावर) बेतलेले तक्ते आहेत. त्यांत स्मॉल ब्लाइंडवाला सुमारे ५८ टक्के पत्त्यांनी ऑल-इन जातो आणि बिग ब्लाइंडवाला सुमारे ३७ टक्क्यांनी कॉल करतो. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता.

एक्का एवढा चांगला का? तो उंच आहे हे एक कारण. दुसरं असं की तो तुमच्या हातात असल्यामुळे समोरच्याच्या हातात नाही. एक्क्यांची जोडी एरवी सहा प्रकारे बनते, एक एक्का तुमच्याकडे असला की तीनच प्रकारे. एक्का-राजा सोळाऐवजी बाराच प्रकारे. ज्या पत्त्यांनी तुम्हाला कॉल मिळायचा, त्यांतलेच काही तुम्ही अडवून बसलेले असता.

आणि एकाच रंगातली सत्ती-छक्की कधीकधी वेगळ्या रंगांच्या एक्का-दुर्रीपेक्षा बरी का वाटते? एक्का-राजाने कॉल केला तर एक्का-दुर्री साधारण चारात एकदाच जिंकते, कारण तिचा एक्का आधीच दबलेला असतो. सत्ती-छक्की एकाच रंगाची असेल तर तिची दोन्ही पानं मोकळी असतात आणि ती सुमारे ४१ टक्के वेळा जिंकते. मधल्या जागांवरून, जिथे कॉल करणाऱ्याकडे मोठा एक्का असण्याची शक्यता जास्त, तिथे हा फरक जाणवतो.

इतर लढतींचे आकडेही लक्षात ठेवण्यासारखे आहेत. लहान जोडी विरुद्ध दोन मोठी पानं म्हणजे जवळपास नाणेफेक, जोडी किंचित पुढे. मोठी जोडी विरुद्ध लहान जोडी म्हणजे ८० टक्क्यांच्या वर. एक्का-राजा विरुद्ध एक्का-राणी म्हणजे चारातल्या तीन वेळा एक्का-राजा.

पाचवी पायरी: दुसऱ्याच्या रेजवर ऑल-इन

तुम्ही बिग ब्लाइंडमध्ये, एकूण १६ बीबी. बटणावरच्या मोठ्या स्टॅकने २.२ बीबीची रेज केली, स्मॉल ब्लाइंडने पत्ते टाकले. पॉटमध्ये आत्ताच ४.७ बीबी आहेत. तुमचा एक आधीच आत गेलेला, म्हणजे आणखी १५ घालून ४.७ लगेच जिंकायची संधी. कॉल झाला आणि ३६ टक्के वेळा जिंकलात असं धरलं, तर साडेतेहतीसच्या पॉटमधून सरासरी बारा परत येतात, तोटा जवळजवळ तीन. मिळू शकणारे ४.७ आणि जाऊ शकणारे २.९ असा हा सौदा आहे. बटणवाल्याने ३९ टक्क्यांहून जास्त वेळा पत्ते टाकले की तुम्ही फायद्यात. जो माणूस बटणावरून जवळपास निम्म्या पत्त्यांनी रेज करतो, त्याला यापेक्षा बरंच जास्त वेळा टाकावं लागतं.

पण हे तीन गोष्टी जुळल्या तरच. रेज करणारा सैल हातांनी रेज करणारा हवा. तुमचा स्टॅक एवढा हवा की त्याला कॉल करायला दुखेल; ७ बीबीत हा डाव करायला गेलात तर तो हसत कॉल करेल. आणि तो पत्ते टाकू शकणारा माणूस हवा. ‘बघू या काय आहे’ म्हणून कॉल करणाऱ्यासमोर हा सगळा हिशोब कोलमडतो, त्याच्यासमोर फक्त खरे पत्ते चालतात. पहिल्या जागेवरून रेज आली असेल तर मुळात त्याचे पत्तेच चांगले असतात, तिथे हात आवरता घ्या.

यासाठी एकाच रंगातले एक्का-पंजी, एक्का-चौकी मला फार आवडतात. मोठ्या एक्क्यांना अडवतात, आणि कॉल झालाच तर रंग किंवा सरळ क्रम लागण्याची आशा राहते.

सहावी पायरी: कॉल करताना हात आखडता

ऑल-इन जाण्यासाठी पुरेसे असलेले पत्ते ऑल-इनला कॉल करायला पुरेसे असतातच असं नाही. पोकरवर पुस्तकं लिहिणारे डेव्हिड स्क्लान्स्की यांनी या अंतराला ‘गॅप’ म्हटलं. कारण उघड आहे: तुम्ही ढकलता तेव्हा जिंकायचे दोन रस्ते असतात, कॉल करता तेव्हा एकच. मधल्या जागेवरून १० बीबी ढकलायला एक्का-दश्शी उत्तम. पण पहिल्या जागेवरच्या सावध खेळाडूने १२ बीबी ढकलले असतील तर तीच एक्का-दश्शी मी टाकतो, कारण त्याच्याकडे असू शकणाऱ्या एक्क्यांपैकी बहुतेक माझ्या एक्क्याला दाबून बसलेले असतात.

कॉलचा हिशोब तसा सोपा. समजा स्मॉल ब्लाइंडने ८ बीबी ढकलले, तुम्ही बिग ब्लाइंडमध्ये. आणखी ७ घालायचे, समोर १० आहेत. सात भागिले सतरा, म्हणजे ४१ टक्के. आता प्रश्न एवढाच: तो कोणत्या पत्त्यांनी ढकलतोय? निम्म्या पत्त्यांनी ढकलत असेल तर राजा-सत्तीसुद्धा चांगला कॉल आहे. वरच्या पंधरा टक्के पत्त्यांशिवाय हलतच नसेल तर तीच राजा-सत्ती तोट्याची. त्याने मागच्या चार फेऱ्यांत काय केलं हे तुम्ही पाहिलं असेल तरच या प्रश्नाचं उत्तर देता येतं. म्हणून फोल्ड केल्यावर मोबाइल काढू नका.

बक्षिसाच्या उंबरठ्यावर

आतापर्यंतचे सगळे हिशोब चिप्सचे होते. बक्षिसं जवळ आली की चिप्स आणि पैसा एकसारखे राहत नाहीत. इथे आयसीएम नावाचं गणित येतं, ज्यात प्रत्येक स्टॅकची बक्षिसातली अपेक्षित किंमत काढतात.

चार खेळाडू, सगळ्यांकडे सारख्या चिप्स. तिघांना बक्षीस: एकूण रकमेच्या ५०, ३० आणि २० टक्के. प्रत्येकाची किंमत आत्ता २५. एकाने ऑल-इन ढकललं आणि तुम्ही कॉल केला. ब्लाइंड सोडून देऊ. जिंकलात तर तुमच्या चिप्स दुप्पट होतात, पण किंमत २५ वरून ५० होत नाही. तीन जण उरतात, तुमच्याकडे निम्म्या चिप्स: पहिलं येण्याची शक्यता निम्मी, दुसरं येण्याची एक तृतीयांश, तिसरं येण्याची एक षष्ठांश. गुणाकार करून बेरीज ३८.३ येते. हरलात तर शून्य.

म्हणजे २५ पणाला लावून ३८.३ मिळवायचे. हे जुळायला ६५ टक्के वेळा जिंकावं लागेल. चिप्सच्या हिशोबात ५० पुरले असते. एक्का-राजा घेऊन लहान जोडीशी नाणेफेक खेळणं इथे सरळ तोट्याचं आहे. आणि तो तोटा जातो कुणाकडे? हात न लावता बसलेल्या दोघांकडे. त्यांची किंमत पंचवीसवरून जवळपास ३१ झाली.

यातून शॉर्ट स्टॅकने दोन गोष्टी घ्यायच्या. मधल्या आकाराच्या स्टॅकना बाहेर जायची सगळ्यात जास्त भीती असते, कारण त्यांच्याहून लहान कुणीतरी टेबलावर असतो. त्यांच्यावर ऑल-इन ढकलायला ही सर्वोत्तम वेळ. दुसरं, तुमच्याहूनही लहान स्टॅक पुढच्या दोन-तीन डावांत ब्लाइंडमध्ये येणार असेल तर काठावरचा कॉल सोडून द्या. एरवी मी वाट पाहू नका म्हणतो, पण इथे तीन डाव थांबण्याची खरोखर किंमत मिळते.

सॅटेलाइट स्पर्धेत, जिथे ठरावीक जणांना एकसारखंच बक्षीस मिळतं, हे टोकाला जातं. जागा जवळपास पक्की असेल तर एक्क्यांची जोडी टाकणंही योग्य ठरू शकतं, कारण जास्त चिप्स जमवून जास्तीचं काहीच मिळत नाही. हा फोल्ड करायला जिवावर येतं, पण गणित चोख आहे.

एक जुनी युक्ती: थांबा, मग ढकला

तुम्ही बिग ब्लाइंडमध्ये आहात, भरलेला ब्लाइंड धरून ६ बीबी. एकाने २.२ ची रेज केली. तुम्ही आत्ता ऑल-इन गेलात तर त्याला ३.८ घालून ९.७ जिंकायचे आहेत, म्हणजे २८ टक्के पुरे. फ्लॉपच्या आधी बहुतेक पत्त्यांत २८ टक्के असतातच, तो कॉल करणारच.

त्याऐवजी फक्त कॉल करा, १.२ घाला. तुमच्याकडे ३.८ उरतात, पॉट ५.९ होतो. फ्लॉप कसाही पडो, तुम्ही आधी बोलता आणि ३.८ ढकलता. त्याच्यासमोर किंमत तीच, ३.८ ला ९.७, २८ टक्के. पण आता फ्लॉप पडलेला आहे, आणि जोडी नसलेल्या पत्त्यांना फ्लॉपवर तीनातल्या दोन वेळा काहीच लागत नाही. चुकलेल्या एक्का-राणीला तुमच्या छोट्याशा जोडीसमोर चोवीस-पंचवीस टक्केच उरतात. ज्याने आधी निमूट कॉल केला असता त्याच्यासमोर आता खरा प्रश्न उभा राहतो. हे तुम्ही आधी बोलणार असाल तरच करायचं, आणि एकच प्रतिस्पर्धी असेल तरच.

सराव कसा करायचा

आख्खा तक्ता पाठ करायला गेलात तर आठवड्यात विसराल. तीन जागा घ्या: पहिली, बटण, स्मॉल ब्लाइंड. तीन स्टॅक घ्या: ६, १०, १५ बीबी. या नऊ चौकटींत सगळ्यात कमकुवत कोणते पत्ते ढकलायचे तेवढंच लिहा, म्हणजे कोणती जोडी, कोणता एक्का, कोणता राजा. पुश-फोल्डचं गणित करणारी मोफत साधनं आहेत, त्यांच्याशी ताडून घ्या. मधल्या जागा आपोआप भरता येतात.

मग स्पर्धा संपल्यावर, त्याच रात्री, पंधरा बीबीच्या खाली असताना आलेले डाव वहीत उतरवा: स्टॅक, जागा, पत्ते, मागे किती जण, काय केलं. ऑल-इन जाऊन हरलेला डाव आपल्याला आठवतोच, तो लिहायची फारशी गरज नसते. सगळ्यांनी टाकल्यावर तुमच्यापर्यंत आलेला आणि तुम्हीही टाकलेला प्रत्येक डाव मात्र लिहा, आणि त्यापुढे तो फोल्ड किती बीबीला पडला हे साधनातून काढून मांडा. माझ्या वहीत अशा फोल्डचं एक वेगळं पान आहे. पहिले दोन महिने ते पान सगळ्यात लवकर भरत होतं.